आतड्यातील स्पर्धा आणि आरोग्याचा हिशेब

(चेन्नई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय जीवशास्त्राचा आणि बोलणारी व्यक्ती अर्थशास्त्राची, हे पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु मर्यादित साधनांसाठी अनेकांची चाललेली स्पर्धा हा अर्थशास्त्राचा मूळ विषय आहे आणि अशी स्पर्धा मानवी आतड्याइतकी तीव्रतेने क्वचितच अन्यत्र आढळते. दुसरे असे की, ‘उपकारक जिवाणू’ किंवा ‘प्रोबायोटिक’ या नावाने आज दही, पेये, गोळ्या आणि भुकट्या यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. ग्राहकाने, डॉक्टरने आणि शासनाने या वस्तूंवर किती खर्च करावा, हा निखळ आर्थिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायचे, तर हे जिवाणू घातक जिवाणूंना नेमके कसे रोखतात आणि कोणत्या परिस्थितीत रोखू शकत नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

व्याख्या आणि तिच्यातील अटी

या संकल्पनेचा उगम बहुतेकदा रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांच्याकडे शोधला जातो. १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आंबवलेल्या दुधातील जिवाणू आतड्यातील अपायकारक जिवाणूंना आवर घालतात व त्यामुळे आयुष्य वाढते, असे मत त्यांनी मांडले होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या जिवाणूचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. इतर सैनिक आतड्याच्या संसर्गाने आजारी पडत असताना हा सैनिक निरोगी राहिला होता. तो वाण आजही निसल यांच्याच नावाने ओळखला जातो.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे प्रोबायोटिकची व्याख्या निश्चित केली. तिचा आशय असा, की पुरेशा प्रमाणात दिले असता जे जिवंत सूक्ष्मजीव यजमानाच्या आरोग्याला लाभ देतात, ते प्रोबायोटिक होत. या व्याख्येत तीन अटी आहेत. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, त्यांचे प्रमाण पुरेसे हवे आणि लाभ सिद्ध झालेला हवा. परीक्षेच्या दृष्टीनेही या तीन अटी लक्षात ठेवाव्यात, कारण बाजारातील बहुतेक संभ्रम यांपैकी एखादी अट विसरल्याने निर्माण होतो.

भरलेल्या घराचे संरक्षण

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेत मांडण्यात आला. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण याच घरात, म्हणजे सुमारे ३० लाख कोटी आहे. जिवाणूंचा फार मोठा भाग मोठ्या आतड्यात राहतो. हे सर्व रहिवासी अन्नासाठी आणि जागेसाठी एकमेकांशी झगडत असतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या रोगकारक जिवाणूला तेथे सहजासहजी पाय रोवता येत नाही. या गुणधर्माला ‘वसाहत-प्रतिकार’ असे म्हणता येईल.

हा प्रतिकार किती प्रभावी असतो, हे १९५४ साली उंदरांवरील एका प्रयोगात दिसून आले. निरोगी उंदरांमध्ये साल्मोनेलाचा संसर्ग घडवून आणण्यासाठी सुमारे एक लाख जिवाणू द्यावे लागत. त्याच उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची एक मात्रा दिली, तेव्हा दहापेक्षाही कमी जिवाणू पुरेसे ठरले. उंदीर तेच आणि साल्मोनेलाही तोच होता. आतड्यातील मूळ वस्ती उठली, एवढाच काय तो फरक. तण माजते ते पीक विरळ झालेल्या शेतात, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

प्रतिजैविके प्राण वाचवतात, यात शंका नाही. परंतु प्रत्येक वापरागणिक ती आतड्यातील ही तटबंदीही काही काळ पाडतात. उपकारक जिवाणूंचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे.

स्पर्धेच्या पाच पद्धती

उपकारक जिवाणू घातक सूक्ष्मजीवांवर प्रामुख्याने पाच मार्गांनी परिणाम करतात.

पहिला मार्ग जागा अडविण्याचा. रोगकारक जिवाणूला आतड्याच्या अस्तराला चिकटल्याखेरीज बहुधा रोग निर्माण करता येत नाही. लॅक्टोबॅसिलस कुळातील काही वाण त्याच जागांना आधी चिकटतात. एसटीच्या आसनावर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार आहे.

दुसरा मार्ग अन्न तोडण्याचा. बहुतेक जिवाणूंना वाढीसाठी लोह लागते आणि दाह झालेल्या आतड्यात ते दुर्मिळ असते. निसल यांच्या वाणाकडे लोह खेचून घेण्याच्या अनेक यंत्रणा आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की हा वाण उंदरांच्या आतड्यातील लोह पळवून साल्मोनेलाची संख्या कमी करतो. लोह घेण्याची क्षमता काढून टाकलेल्या वाणाला मात्र हे साधले नाही.

तिसरा मार्ग रासायनिक आहे. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात, तर बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिक आम्लाबरोबर ॲसेटिक आम्लही तयार करतात. विघटन न झालेल्या स्वरूपातील आम्ल शत्रूच्या पेशीत शिरून तिच्या आतील आम्लता वाढवते आणि तिचे व्यवहार थंडावतात. याखेरीज काही जिवाणू ‘बॅक्टेरिओसिन’ नावाची प्रथिने सोडतात. ही प्रथिने जवळच्या नात्यातील प्रतिस्पर्ध्यांना मारतात. त्यांपैकी निसिन हे अन्न टिकविण्यासाठी अनेक देशांत वापरले जाते. आयर्लंडमधील संशोधकांनी २००७ साली एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरिअस या जिवाणूच्या एका वाणाने उंदरांचे लिस्टेरियापासून रक्षण केले. त्याच वाणातील बॅक्टेरिओसिन तयार करण्याची क्षमता काढून टाकताच हे संरक्षण नाहीसे झाले. एका विशिष्ट पदार्थामुळे विशिष्ट शत्रू रोखला जातो, असा थेट पुरावा यातून मिळाला.

चौथा मार्ग यजमानाची तटबंदी मजबूत करण्याचा. काही वाणांमुळे आतड्यातील श्लेष्म स्तर वाढतो, अस्तरातील पेशींमधील सांधे घट्ट होतात आणि संरक्षक प्रतिपिंडांना चालना मिळते. जपानमधील संशोधकांनी २०११ साली दाखविले, की काही बायफिडोबॅक्टेरियम वाणांनी तयार केलेले ॲसेटेट उंदरांच्या आतड्याचे अस्तर सावरते आणि ई. कोलायच्या एका जीवघेण्या वाणाचे विष रक्तात उतरू देत नाही. येथे शत्रू मारला जात नाही. त्याचे विष आत शिरत नाही, एवढेच घडते.

पाचवा मार्ग शत्रूचा संदेशवहन-मार्ग तोडण्याचा. अनेक जिवाणू रासायनिक संकेतांवरून आपली संख्या ओळखतात आणि पुरेसे बळ जमले की एकदम हालचाल करतात. ग्रामीण थायलंडमधील २०० व्यक्तींच्या २०१८ सालच्या अभ्यासात, ज्यांच्या आतड्यात बॅसिलस जातीचे जिवाणू होते त्यांच्यापैकी एकाच्याही आतड्यात स्टॅफिलोकॉकस ऑरिअस आढळला नाही. बॅसिलसने सोडलेली फेंगायसिन ही द्रव्ये त्या शत्रूची संकेतयंत्रणा बंद पाडतात, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. २०२३ साली थायलंडमध्येच झालेल्या चाचणीत ११५ व्यक्तींचा समावेश होता. महिनाभर बॅसिलस सबटिलिस घेणाऱ्यांच्या विष्ठेतील हा रोगकारक जिवाणू सुमारे ९७ टक्क्यांनी घटला.

या पाचही मार्गांत एक गोष्ट समान आहे. परिणाम कुळाचा किंवा जातीचा नसून विशिष्ट वाणाचा असतो. हापूस आणि रायवळ हे दोन्ही आंबेच असले, तरी त्यांची चव आणि भाव एक नसतो. म्हणून ‘लॅक्टोबॅसिलस उपयुक्त असतो’ हे विधान अपुरे आहे. कोणता वाण, किती मात्रेत, कोणत्या वयाच्या व्यक्तीला, कोणत्या रोगासाठी, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

दहीभात, इडली आणि शिळा भात

आपण ज्या शहरात बसलो आहोत, तेथे जेवणाची सांगता दहीभाताने होते. उन्हाळ्यात चौकाचौकांत नीर मोर, म्हणजे पातळ ताक, मिळते. आदल्या दिवशीचा भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी खाल्ला जाणारा ‘पळय सादम’ हा कष्टकऱ्यांचा न्याहारीचा पदार्थ. आपल्याकडील आंबील आणि ताक-भाकरी यांचा तो सख्खा शेजारी म्हणता येईल. पळय सादमच्या आतड्यावरील परिणामांचा अभ्यास अलीकडच्या वर्षांत येथील शासकीय स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयाने हाती घेतला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

तथापि येथे काटेकोर राहिले पाहिजे. इडलीचे पीठ ल्यूकोनोस्टॉक आणि इतर जिवाणू आंबवतात, परंतु इडली उकडताना ते मरतात. म्हणून इडली हे आंबवलेले, पचायला सुलभ अन्न आहे, पण व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक नाही. घरच्या दह्यात जिवाणू जिवंत असतात, मात्र विरजणात कोणते वाण आहेत आणि किती आहेत, हे घरोघरी बदलते. त्यामुळे दह्याचे पोषणमूल्य निर्विवाद असूनही, त्यापासून विशिष्ट रोगाला प्रतिबंध होईल असा दावा करता येत नाही. दही खावे ते उत्तम अन्न म्हणून. औषधाची अपेक्षा औषधाच्या कसोटीला उतरलेल्या वस्तूकडूनच करावी.

जिवाणूंना बाहेरून आणण्याऐवजी आतल्यांनाच खाद्य पुरविण्याचाही एक मार्ग आहे. चेन्नईपासून सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पटकीच्या ४८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान आतड्यात न पचणारा स्टार्च त्यांनी जलसंजीवनीत मिसळून दिला. मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी त्यापासून लघुशृंखल मेदाम्ले तयार केली, की ती सोडियम आणि पाणी शोषून घेण्यास मदत करतात, हे त्यामागील तत्त्व. नेहमीच्या उपचारात जुलाब सरासरी ९०.९ तास टिकले, तर या गटात ५६.७ तास. आतड्यातील जुन्या रहिवाशांनाच कामाला लावण्याचे हे सुंदर उदाहरण आहे.

दोन भारतीय चाचण्यांचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. भारतात झालेल्या दोन मोठ्या चाचण्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली कोलकात्यातील. तेथील राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेने शहरी वस्तीतील १ ते ५ वर्षे वयाच्या ३,७५८ बालकांवर ही चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या मुलांना बारा आठवडे रोज लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा हा वाण असलेले पेय आणि उरलेल्यांना साधे पोषक पेय देण्यात आले. एकूण चोवीस आठवड्यांत पहिल्या गटातील ६०८ आणि दुसऱ्या गटातील ६७४ मुलांना अतिसार झाला. संशोधकांनी काढलेली संरक्षणाची पातळी १४ टक्के होती.

दुसरी ओडिशातील. तेथील खेड्यांतील ४,५५६ नवजात अर्भकांचा तीत समावेश होता. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, सात दिवस, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निवडक वाण आणि त्याचे खाद्य असलेली विशिष्ट शर्करा त्यांना देण्यात आली. २०१७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या साठ दिवसांत जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९.० टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही घट ४० टक्क्यांची होती आणि तिचा मोठा भाग जंतुदोष टळल्यामुळे साधला होता.

या दोन निष्कर्षांचा त्रैराशिकाने विचार करू. ओडिशात फरक ३.६ टक्के बिंदूंचा आहे. म्हणजे सुमारे २८ अर्भकांना औषध दिले, तर एकाचा जंतुदोष किंवा मृत्यू टळतो. प्रत्येकी सात मात्रा धरल्या, तर त्यासाठी सुमारे २०० मात्रा लागतात. कोलकात्यात फरक साधारण ३.५ टक्के बिंदूंचा, म्हणजे तोही जवळपास तेवढाच. परंतु तेथे सुमारे २९ मुलांना ८४ दिवस रोज पेय द्यावे लागते. एका मुलाचा अतिसार टाळण्यासाठी सुमारे २,४०० मात्रा. आणि टळते ते काय? एका ठिकाणी प्राणावर बेतणारा जंतुदोष, तर दुसऱ्या ठिकाणी बहुधा जलसंजीवनीने आटोक्यात येणारा अतिसार. दोन्हींना ‘प्रोबायोटिक’ हेच नाव असले, तरी दोहोंचे आर्थिक मूल्य अगदी वेगळे आहे. टक्केवारीतील घट पाहून निर्णय घेऊ नये. मूळ जोखीम किती होती, काय टळले आणि त्यासाठी किती द्यावे लागले, हे तीन प्रश्न विचारावेत.

ओडिशातील यशाची कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. नवजात बाळाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. तेथे प्रथम येणाऱ्याला जागा मिळते. शिवाय संशोधकांनी तो वाण आतड्यात टिकतो की नाही, हे आधी तपासून घेतले होते आणि बाळे स्तनपानावर होती. पाच वर्षांच्या मुलाच्या भरलेल्या आतड्यात तेच यश मिळेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

जेथे लाभ झाला नाही

शास्त्राचा प्रामाणिकपणा अपयशाच्या नोंदीत दिसतो. २०१८ साली अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुलांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. तीव्र अतिसार झालेल्या मुलांना लॅक्टोबॅसिलस दिल्याने दोन्ही ठिकाणी लाभ झाला नाही. वेल्लोर येथे तोंडावाटे देण्याच्या रोटाव्हायरस लशीचा परिणाम प्रोबायोटिकमुळे वाढतो का, हे ६२० अर्भकांवर तपासण्यात आले. वाढ थोडी दिसली, परंतु ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही.

काही ठिकाणी हानीही झाली. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना ही उत्पादने देण्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली इशारा दिला. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांच्यासाठी जिवंत जिवाणू नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही.

प्रतिजैविकांबरोबर प्रोबायोटिक लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. रुग्णालयातील क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे होणारा अतिसार त्यामुळे कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे, विशेषतः जेथे मूळ जोखीम जास्त आहे तेथे. परंतु २०१८ साली इस्रायलमधील एका छोट्या अभ्यासात, प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळ वस्ती पूर्वपदावर येण्यास उलट अधिक वेळ लागला. पाहुण्यांनी घर अडविल्यामुळे घरचेच बाहेर राहिले, असा हा प्रकार. तात्पर्य, प्रतिजैविकाच्या अनावश्यक वापरावर प्रोबायोटिक हा उतारा नव्हे. अनावश्यक प्रतिजैविक न घेणे, हाच आतड्यातील उपकारक जिवाणू जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चेन्नईने दिलेला इशारा

या मुद्द्याचा चेन्नईशी जवळचा संबंध आहे. २०१० साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आणि मद्रास विद्यापीठातील संशोधकांचा प्रमुख सहभाग असलेल्या लेखाने जगभर खळबळ उडाली. कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांनाही दाद न देणाऱ्या ‘एनडीएम-१’ या जनुकाचे जिवाणू चेन्नईतून ४४, हरियाणातून २६, ब्रिटनमधून ३७ आणि भारत व पाकिस्तानातील इतर ठिकाणांहून ७३ नमुन्यांत सापडले होते. त्यांत क्लेब्सिएला आणि ई. कोलाय यांचा भरणा होता आणि हे दोन्ही आतड्याचेच रहिवासी आहेत. हे जनुक प्लास्मिड नावाच्या फिरत्या वर्तुळाकार घटकावर असते. त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे ते सहज जाते. २०११ साली दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत हे जनुक आढळले. आतडे, सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांचे चक्र किती जवळचे आहे, हे त्यावरून कळावे.

ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटनांनी चेन्नईत एकत्र येऊन प्रतिजैविकांच्या वापरावर नियंत्रण आणण्याचा आराखडा मांडला. तो ‘चेन्नई जाहीरनामा’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू होऊन ४६ औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे बंधनकारक झाले. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि २०१९ साली कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील वापर बंद करण्यात आला. जगभरात २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविक-प्रतिकारामुळे झाले, असा अंदाज आहे. या प्रश्नाचे गांभीर्य तेवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

अर्थशास्त्राच्या भाषेत प्रतिजैविकांची परिणामकारकता ही सामायिक संपत्ती आहे. गावच्या गायरानासारखी. एकाने ती अकारण वापरली, तर लाभ त्याचा आणि तोटा सर्वांचा. यालाच आपण नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतो. प्रोबायोटिकमुळे संसर्ग टळले आणि प्रतिजैविकांची गरज घटली, तर त्याचा लाभ घेणाऱ्यापुरता न राहता समाजालाही मिळतो. ओडिशातील चाचणीचे खरे महत्त्व येथे आहे. मात्र प्रोबायोटिक जिवाणूच जर प्रतिकार-जनुके घेऊन आला, तर हाच हिशेब उलटू शकतो.

बाजार आणि नियमन

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या असममितीचा सिद्धान्त मांडला. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे पडतो. प्रोबायोटिकची बाटली हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. तिच्यात कोणता वाण आहे आणि तो जिवंत आहे की मेला, हे ग्राहकाला डोळ्यांनी दिसत नाही. वाहतुकीत शीतसाखळी तुटली, की आतले जिवाणू मरतात आणि वेष्टन मात्र तसेच राहते. मे महिन्यातील चेन्नई किंवा नागपूर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप लक्षात येईल.

भारतात प्रोबायोटिक आइस्क्रीम २००७ साली बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत पेये व दह्यांची भर पडली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वाणाची नेमकी ओळख, सुरक्षिततेची व प्रतिकार-जनुकांची तपासणी, लाभाचा पुरावा आणि वेष्टनावर वाणाचे नाव व मुदत संपेपर्यंत राहणारी जिवंत जिवाणूंची संख्या यांवर त्यांत भर आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली अधिसूचित केलेल्या विनियमांत दैनिक मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत, अशी अट घातली गेली. नियम कागदावर आहेत. दुकानातील फळीवरून नमुने उचलून जिवंत जिवाणूंची मोजणी नियमित करणे आणि तिचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे, हे काम वाढविण्याची गरज आहे.

प्राधान्यक्रमाचा प्रश्न

आता शासनाच्या तिजोरीकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, २०१९-२१ या काळात, पाहणीपूर्वीच्या दोन आठवड्यांत पाच वर्षांखालील ७.३ टक्के बालकांना अतिसार झाला होता. त्यांपैकी ६०.६ टक्के बालकांना जलसंजीवनी मिळाली आणि जस्ताची मात्रा साधारण तीनांपैकी एकालाच. म्हणजे ज्या उपायांची उपयुक्तता निर्विवाद आहे आणि किंमत अगदी कमी आहे, तेच अजून प्रत्येक घरात पोहोचलेले नाहीत. रोटाव्हायरस लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आली, ही मोठी उपलब्धी. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन अभियान सुरू झाले, तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. २०२५ सालापर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. नळ आल्यानंतर त्यातील पाणी निर्जंतुक राहील, हे पाहणे हा पुढील टप्पा आहे.

संधी खर्चाचे तत्त्व असे सांगते, की एका कामावर खर्च केलेला रुपया दुसऱ्या कामासाठी उरत नाही. म्हणून प्राधान्यक्रम स्पष्ट हवा. शुद्ध पाणी, मलनिस्सारण, स्तनपान, लसीकरण, जलसंजीवनी व जस्त आणि प्रतिजैविकांचा संयमित वापर हा पाया आहे. त्यावर, जेथे जोखीम मोठी आणि पुरावा भक्कम आहे, अशा ठिकाणी प्रोबायोटिकला स्थान द्यावे. ओडिशातील उपाय इतर राज्यांतील नवजात अर्भकांत, विशेषतः कमी वजनाच्या बाळांत, काळजीपूर्वक तपासून पाहणे ही सार्वजनिक निधीतून करण्याजोगी गोष्ट आहे. स्वस्त आणि स्वामित्वहक्काने फारसा नफा न देणाऱ्या उपायाची चाचणी खाजगी कंपनी करील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. असे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे आणि तिचा खर्च शासनानेच उचलला पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या जिल्ह्यांच्या आरोग्य आणि पोषणाचे निर्णय घेतील. ‘अमुक उत्पादन अंगणवाड्यांतून वाटावे’ असा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल. त्या वेळी पाच प्रश्न विचारा. वाण कोणता? मात्रा किती आणि उन्हाळ्यात ती जिवंत राहते का? पुरावा कोणत्या वयाच्या बालकांवरील आहे? तुलना कशाशी केली आहे? आणि तेवढ्याच पैशांत दुसरे काय करता आले असते? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर प्रस्तावावर सही करताना कचरू नका. ती मिळाली नाहीत, तर त्या पैशांतून आधी जलसंजीवनीची पाकिटे आणि पाण्याच्या टाकीतील क्लोरीनची व्यवस्था करा. कोणताही निर्णय घेताना ज्या बालकासाठी तो घ्यावयाचा आहे, त्याचे हित आपल्यासमोर असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेते.